खिडकीजवळील खुर्चीची मोहीम

श्री. वर्तमान लिहावयास कारण ऐसे जे, क्लबातील खिडकीजवळील खुर्ची, जी बुद्धिबळाची सालाबाद स्पर्धा जिंकेल त्याने भोगावी असा कानू, ती सालोसाल भोगणारे, कन्येचे वडील, निवर्तल्यापासून ओस पडली. तेव्हा वडिलांचे जन्माचे गनीम आणि जन्माचे सोबती घड्याळजीकाका यांनी तीवर दावा सांगितला, आणि सेक्रेटरींचे फर्मान सुटले की, कन्येने काकांशी डाव मांडावा, जिंकेल त्याची खुर्ची. कन्येस बैठकीची हौस नव्हती. परंतु खुर्चीच्या हातावर वडिलांच्या चहाचा डाग होता, तो परक्या कोपराखाली जाऊ देणे तिजला मंजूर नव्हते.

मग पांढरी फौज कन्येकडे आली, आणि तिने वडिलांचीच जुनी चाल धरिली. राजापुढील प्यादे दोन घरे रवाना केले, आणि घोडा काढिला, आणि उंट तिरपा दौडवून शत्रूच्या राजाच्या उंबऱ्यावर रोखिला, आणि वजीरही तेथेच रोखिला. काकांनी उंबऱ्यावर आपला वजीर पहाऱ्यास नेमून टोला दिला, "पोरी, हे सगळं तुझ्या बापानं पाठ करून घेतलंय माझ्याकडून!"

मग कन्येने मधले प्यादे सारून, आपल्या वजिराचे पाठबळ देऊन, दुसरा उंट काकांच्या वजिरावर घातला. काका, ज्यांस भिंगाविना काही दिसत नसे, बेफिकीर कोपऱ्यातील प्याद्याकडे हात नेते जाहले.

येथे पेच पडिला. गप्प राहावे तर वजीर फुकट, खुर्ची घरात. परंतु बजावल्याविना वजीर मारणे वडिलांच्या दरबारी नामंजूर. कन्येची जीभ फितूर जाहली.

"काका, वजीर."

काका दचकले, आणि त्यांनी वजीर सुखरूप दूर नेला, आणि उंबरा उघडा पडिला. कन्येचा वजीर आत शिरला. शह आणि मात!

"तुझा बापही अस्साच! वजीर सांभाळ म्हणायचा आणि राजा मारायचा. लबाड लेकाचा!"

वडिलांची ती दया की कावा, याचा निवाडा बखरकारास झाला नाही. कन्येस मात्र प्रथमच शंका आली, आणि कित्येक दिवसांनी हसू आले.

मग काकांनी घड्याळे पुसण्याचा खासा फडका काढून खुर्ची झाडिली, डागाशी हात थांबविला, आणि म्हटले, "बस. अशी ताठ नको. तो पाय वर घेऊन बसायचा."

कन्येने पाय वर घेतले. काका पुन्हा पट मांडू लागले. येणेप्रमाणे खुर्ची फत्ते होऊन कन्येच्या नावे कायम जाहली, डाग पूर्ववत.