खिडकीजवळचा तिसरा बाक

दुसरीच्या वर्गातली भिंगरी फळ्यावरची तीन वाक्यं उतरवायची म्हटली, की त्यात दोनदा बाकाखाली जाऊन यायची आणि एकदा दाराबाहेर. वर्गाच्या बाईंनी तीन महिने सगळं तारीखवार टिपलं, जागा बदलून पाहिली, जवळ बसवून पाहिलं. शेवटी विशेष शिक्षणाच्या तपासणीसाठी तिचं नाव पाठवायचं ठरवलं.

सही करायला तिचे वडील आले ते तोंड पाडूनच.

"बाई, पोरगी वेडी आहे असं लिहिलंय का यात?"

"अहो, काहीतरीच काय! चष्म्याआधी डोळे तपासतात ना, तसंच हे. कुठे अडतंय ते कळलं की मदत करता येते."

"मग हरकत नाही. माझ्यावरच गेलीय ती," म्हणत त्यांनी भलत्याच रकान्यात सही ठोकली.

चार दिवसांनी तज्ज्ञ ताईंचा फोन आला. "मी मागे बसून गुपचूप बघेन. मुलीला कळता कामा नये. ओळखायची कशी?"

"खिडकीजवळ, तिसरा बाक, दोन वेण्या."

ठरल्या दिवशी बाई हजेरीपट आणायला गेल्या आणि नेमक्या त्याच वेळी ताई फाटकात आल्या. "तपासणीला आलेय. दुसरीचा वर्ग कुठे?" त्यांनी शिपायाला विचारलं. शिपाई धावत सुटला. "मोठ्या बाई, तपासणी आली!"

मुख्याध्यापिकांनी भिंगरीचा अर्ज गठ्ठ्यातल्या इतर कागदांबरोबर न वाचताच पुढे धाडला होता. त्यांना तपासणी म्हणजे एकच ठाऊक, वरच्या कचेरीची. त्या तडक दुसरीत घुसल्या, भिंगरीला आपल्या खोलीत खडू मोजायला पिटाळलं आणि तिच्या जागी त्याच वर्गातल्या स्वतःच्या नातीला बसवलं. नात म्हणजे शाळेचं भूषण. धडे तोंडपाठ, अक्षर नसलं तरी आवाज मोत्यासारखा. आणि वेण्या? दोन!

बाई परतल्या तेव्हा ताई मागे वही उघडून बसल्या होत्या. मुलांदेखत बोलायची सोय नाही. बाईंनी डोळे मिचकावले, भुवया उडवल्या, मानेने दाराकडे खुणावलं. ताईंनी शांतपणे लिहिलं, 'शिक्षिका तणावाखाली आहेत.'

"ऊठ गं, वाचून दाखव पाहुण्यांना," मुख्याध्यापिका लाडाने म्हणाल्या.

नातीने पुस्तक उघडलं आणि धडा घडाघडा म्हटला. एक चूक नाही. मुख्याध्यापिका फुलून आल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, हिचं पुस्तक उलटं आहे!"

वर्ग खदाखदा हसला. ताई पुढे आल्या. त्यांनी पुस्तक सरळ केलं, दुसरंच पान उघडलं. "हे वाच बरं, बाळ."

नातीने पानावर बोट ठेवलं आणि तोच मघाचा धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

ताई बाईंना दारात घेऊन गेल्या. "कमाल आहे तुमची! इतक्या सफाईने झाकलेली अडचण तुम्ही बरोबर हेरलीत."

"अहो, पण... ती ही नव्हेच!"

इतक्यात शाळा सुटल्याची घंटा घणघणली. सकाळचे दहा वाजले होते. पाहता पाहता सगळी शाळा हुर्यो करत मैदानात उतरली आणि घंटेच्या दोरीला लोंबकळत भिंगरी ओरडली, "मोठ्या बाई, खडू मोजून झाले! एकशे बारा!"

"ती ही," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या. ताईंनी वहीचं नवं पान उघडलं.

मुख्याध्यापिका दुसरीच्या चिमुकल्या बाकावर मटकन बसल्या. "रोज रात्री मी तुला वाचून दाखवायचे. आणि तू नुसतं पाठ करत होतीस?"

"अक्षरं हलतात गं आजी," नात म्हणाली. "आणि तू किती छान वाचतेस!"

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला. "बाई, तो अर्ज... अजून एक कोरा असेल का?" या वेळी तो त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचला. लेक-सुनेला सहीसाठी स्वतः बोलावून घेतलं.

तपासण्या झाल्या, दोघींची अडचण वेगवेगळी निघाली आणि दोघींना ताईंकडे वेगवेगळे तास मिळाले. तीन महिन्यांनी आजी नातीला तासाला घेऊन आल्या, तर खोलीला नवं दार बसवलेलं. आजींनी मूठ धरून ओढलं. पाय रोवून ओढलं.

"अडकलंय मेलं! शिपायाला बोलाव."

नात हलली नाही. दारावरच्या पट्टीवर बोट ठेवून ती बराच वेळ ओठ हलवत राहिली.

"ढ... क... ला," ती म्हणाली. "आजी, वाच की नीट!"