पासवर्ड म्हटलं की मरणारा कीबोर्ड

दुपारी बाराला डामियानच्या कीबोर्डनं राम म्हटला. नेमका आज! पाच वाजता त्याचा थोरला भाऊ तेरियो जहाजावर परत निघणार होता, तो थेट पुढच्या वर्षी भेटणार, आणि त्याआधी दोघांना रणगाड्यांचा खेळ खेळायचा होता.

पंचवीस वर्षांपूर्वी फिलिपिन्समधल्या दानाओ गावात बाजारामागच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दोघं भाऊ एकाच कीबोर्डवर हा खेळ खेळत. डावीकडची बटणं तेरियोची, उजवीकडची डामियानची, आणि मधल्या बटणांवरून कोपरांची मारामारी. काय दिवस होते ते! पुढे तेरियो जहाजावर मेकॅनिक झाला. आता तो वर्षातून एकदा यायचा आणि तब्येतपाण्याच्या गप्पा आटोपल्या की दोघं सख्खे भाऊ परक्या पाहुण्यांसारखे अवघडून बसायचे. डामियानला ते फार लागायचं. म्हणून त्यानं यंदा ठरवलं होतं, की काही झालं तरी तो खेळ लावायचाच.

घरातला जुना कॉम्प्युटर नव्या कशालाच दाद देत नव्हता. तेव्हा फेसबुकवरच्या कुणा भल्या माणसानं सांगितलं, "विंडोज काढून लिनक्स टाका. फुकट आहे. जुनी मशीनंसुद्धा पळतात." फुकट हा शब्द दिसला की डामियान पुढचं वाचत नसे. त्यानं लिनक्स टाकलं, खेळ बसवायच्या आज्ञा कागदावर उतरवून घेतल्या आणि भाऊ जेवून हात पुसत आला तेव्हा पडद्यावर काळी खिडकी उघडून पहिली आज्ञा ऐटीत टंकली. कॉम्प्युटरनं पासवर्ड विचारला. डामियाननं बटणं दाबली, पण पडद्यावर एक अक्षर उमटेल तर शपथ.

"मेला वाटतं," डामियान म्हणाला.

"सरक, दोंग," तेरियो धाकट्या भावाला म्हणाला. त्यानं आयुष्यभर जहाजांची इंजिनं उघडली होती. त्यानं कीबोर्ड उलटा केला, सगळी बटणं उचकटली, आतून भाताची सात शितं आणि एक मुंगी काढली आणि सगळं जागच्या जागी बसवलं. आज्ञा लिहिली, अक्षरं झरझर उमटली. पासवर्ड विचारला, की पुन्हा ठप्प.

शेजारची नांग आसुन नाणं टाकून चालणाऱ्या कॉम्प्युटरांचं दुकान चालवायची. गडबड ऐकून ती आपला कीबोर्ड घेऊनच आली. "ह्याच्यावर सांतो निन्योचं, आपल्या बाळ येशूचं, चित्र चिकटवलंय. वादळात दुकानाचं छप्पर गेलं, पण ह्याला काही झालं नाही."

तो कीबोर्ड जोडला, पण पासवर्डापाशी सांतो निन्योचाही इलाज चालेना. नांग आसुननं छातीवर क्रूस काढला. "डामियान, तुझ्या मशीनला काहीतरी लागलंय. दोन धडधाकट कीबोर्ड खाल्ले! हा मी घरी नेत नाही बाई आता."

तीन वाजले. डामियान डोकं धरून थोरल्या भावाला म्हणाला, "मानोय, तुझी अख्खी दुपार वाया घालवली रे मी."

"गप रे. तो पेचकस दे इकडे."

डामियानची बायको पुरिता इतका वेळ दारात उभी राहून तमाशा बघत होती. नगरपालिकेत तिची वीस वर्षं टायपिंगमध्ये गेली होती. "अहो, अक्षरं दिसायला कशाला हवीत? मी कधी बघून टाईप केलंय का? उठा. पासवर्ड काय?"

डामियान घुटमळला. "कानात सांगतो."

पुरितानं ऐकलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "तेरियो नेहमी हरतो?"

नांग आसुन खो खो हसत सुटली. पुरितानं पडद्याकडे न बघता पासवर्ड बडवला, एंटरचं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर मुकाट कामाला लागला. कीबोर्ड बिचारे सगळे जिवंतच होते. पासवर्ड लिहिताना अक्षरं दिसूच नयेत, अशी त्या काळ्या खिडकीची रीतच होती.

साडेतीनला खेळ सुरू झाला. तेच रणगाडे, तीच तपकिरी भिंत. कोपराला कोपर लागलं. पहिला डाव डामियान जिंकला, दुसराही जिंकला. तिसऱ्या डावात तेरियोला जांभई आली.

"मजा आली हं," लांबच्या नात्यातलं लग्न जेवून उठल्यासारखं तेरियो म्हणाला. मग दोघंही पडद्याकडे बघत गप्प बसले. पुन्हा तेच अवघडलेपण! डामियानला वाटलं, एवढा खटाटोप केला तो ह्यासाठी?

तेरियोनं घसा खाकरला. "दोंग, त्या दुकानात तरी आपण खेळायचो किती रे? तासातली चाळीस मिनिटं ते धूड सुरू करण्यातच जायची."

"हो ना. तू वायर दाबून धरायचास आणि मी मागून धपाटे घालायचो."

"शेवटी चालू झालं की मालक म्हणायचा, वेळ संपली." तेरियो हसला आणि एकदम थांबला. त्यानं पडद्याला कान लावला. "ए, गोळा फुटल्याचा आवाज येतोय का तुला?"

डामियाननंही कान लावला. खरंच की, आवाजाचा पत्ताच नव्हता. त्याचा चेहरा उजळला. "नाही येत!"

"बघतोस काय मग? तो पेचकस आण!"

पावणेपाचला पुरितानं दिराला हाक मारली, "मानोय, बंदरावर न्यायला ट्रायसिकलवाला आलाय! जहाज सुटेल!"

"एक मिनिट!" दोघं भाऊ टेबलाखालून एकदमच ओरडले.