बिरूअण्णा दार वाजवतात

बाहेरून कुलूप घातलेल्या खोलीचं दार वाजवून, आत कोणी आहे का, असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव बिरूअण्णा. सोलापुरात नव्यानं पोट भरायला येणाऱ्यांना ते शुक्रवार पेठेत भाड्याची खोली बघून देत. कुलूप त्यांनीच घातलेलं, किल्ली त्यांच्याच कमरेला. तरी खोली बघायला आलेल्याला ते बाजूला उभं करायचे, दारावर तीन थापा मारायचे आणि म्हणायचे, "आत कोण हाय का? बिरू आलाय. दार उघडतोय बरं का." मग दाराला कान लावून उभे राहायचे. चांगला एक विडा लावून होईल इतका वेळ. त्यानंतरच किल्ली फिरायची.

पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा आलं नाही, कारण आतून उत्तर आलं.

पण मी तिथवर पोचलो कसा, ते आधी सांगायला हवं. पहिली मोठी लढाई संपून आठ-नऊ वर्षं झाली होती. मी करमाळ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. सातवी पास झालो आणि सोलापूरच्या एका कापड गिरणीत कारकून म्हणून चिकटलो. भोंग्याच्या आवाजामागं तेव्हा चारी दिशांनी माणूस धावत होता, आणि एक वेळ देव भेटेल पण खोली मिळणार नाही अशी गत होती. मी पाच जणांत पथारी टाकून दिवस काढत होतो. बायको, यमुना, बाळंतपणाला माहेरी गेली ती तिकडेच राहिली. मुलगी झाली, पालथी पडली, रांगायला लागली, आणि हे सगळं मला पत्रानं कळत होतं. शेवटी सासऱ्यांनी लिहिलं की पोळ्यापर्यंत खोली झाली तर लेकीला पाठवतो, नाहीतर पुढच्या पाडव्याला बघू. पाडव्यापर्यंत माझी पोरगी चालायला, बोलायला लागली असती, आणि बाप म्हणून तिनं मामाकडे बोट दाखवलं असतं. म्हणून मी बिरूअण्णांना गाठलं.

अण्णा मूळचे सांगोल्याकडचे धनगर. दुष्काळात मेंढरं गेली म्हणून शहरात आले, पण मेंढरं डोक्यातून गेली नव्हती. खांद्यावर बारमाही घोंगडं, आणि मिशा अशा की बोलताना तोंड दिसू नये. गिऱ्हाईक आलं की ते आधी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत. मला म्हणाले, "कारकूनसायेब, तुमी उनाला भ्याणारं मेंढरू. मावळतीचं दार तुमाला न्हाय सोसायचं." कळप बसवायचा तर आधी वारं बघावं लागतं, माणसाचं तरी काय वेगळं, असं त्यांचं म्हणणं. खोलीत शिरलं की पहिल्यांदा भिंतीवर बोट घासून चाटायचे. "खारट हाय. लोणा लागलाय. पावसाळ्यात ह्या भिताडाला घाम यील बघा." हे घरमालकाच्या तोंडावर. मालक लोक त्यांना टाळायचे, पण भाडेकरू त्यांच्याच शब्दावर बिऱ्हाड मांडायचे, त्यामुळं मालकांचाही इलाज नव्हता.

तर ती दुसरी खोली. माडीवरची, जिना अंधारा. अण्णांनी थापा मारल्या, विचारलं, कान लावला. आणि आतून आवाज आला, धप्प. मग पुन्हा, धप्प. सातवी पास माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, पण माझे पाय शाळेत गेलेले नव्हते. मी थेट गल्लीत येऊन थांबलो. पलीकडच्या खोलीत नरसम्मा नावाची साळ्याची बाई मिरच्या कांडत होती आणि दोन्ही खोल्यांची भिंत एकच होती, एवढंच ते प्रकरण.

मला वाटलं, अण्णा माझी टर उडवतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "आवाज आला आन तुमी पळाला. आत खरंच माणूस असतं तर?" मग त्यांनी ती रिकामी खोली कोपरान् कोपरा तपासली, माळ्यावर डोकावले, दाराच्या मागं तर दोनदा पाहिलं. हा माणूस थोडा सरकलेला आहे असं मी मनाशी ठरवून टाकलं.

तिसरी खोली मला त्यांनी दाखवली नाही, ती माझी मलाच दिसली. त्याच गल्लीच्या टोकाला, एकटी, पूर्वेकडं दार. ओटा सारवलेला, पुढं ताजी रांगोळी, आणि दाराला बाहेरून कुलूप. फळीवर चुन्यानं काढलेलं एक जुनं गोल होतं, पुसत आलेलं. संध्याकाळी पुन्हा तिथून गेलो तर कुलूप तसंच आणि खिडकीच्या फटीतून दिव्याचा उजेड येत होता. अण्णांना विचारलं तर एवढंच म्हणाले, "तितं माणूस हाय."

मी चार-पाच दिवस ध्यान ठेवलं. सकाळी नवी रांगोळी, तिन्हीसांजेला दिवा. पण चुलीचा धूर नाही, वाळत घातलेलं फडकं नाही, कुणाचं साधं खाकरणं नाही. गल्लीतली पोरं चेंडू त्या ओट्यावर गेला तर आणायला जात नव्हती, दुसरा चेंडू करत होती. नरसम्माला विचारलं तर ती तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, "दिवा अण्णाच लावते. रांगोळी पन अण्णाच घालते. आत कोन नाय. अय्यो, ते घर तुमी इचारू नका."

आणि एका सकाळी मी ते डोळ्यांनी पाहिलं. बिरूअण्णा घोंगडं सावरत ओट्यापुढं उकिडवे बसले होते आणि चिमटीनं ठिपके घालत होते. ठिपके चुकत होते. मोजायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे. मिशा रांगोळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. अर्ध्या पेठेला छप्पर मिळवून देणारा हा माणूस स्वतः एका तंबाखूच्या दुकानाच्या फळीवर झोपायचा, आणि इथं ही चांगली खोली नुसती दिव्याला दिली होती. माझं पित्त खवळलं. पोळा चार दिवसांवर आला होता.

त्याच दिवशी दुपारी, भर उन्हात, मी त्यांना त्या दारापुढं अडवलं. "माणूस आहे म्हणता ना? मग दाखवा मला. माझ्या पोरीला काय गिरणीच्या फाटकात निजवू?"

 अण्णांनी दारावर तीन थापा मारल्या, विचारलं, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ कान लावून उभे राहिले. मग कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. स्वच्छ सारवलेली जमीन, कोपऱ्यात पाण्यानं भरलेली घागर, कोनाड्यात पणती. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत इतकं गार की माझ्या अंगावर काटा आला.

अण्णा उंबऱ्याच्या बाहेरच बसले आणि सांगू लागले. "प्लेगाच्या साली मी हितं नवाच हुतो. समदी पेठ माळावर झोपड्यात गेलती. रिकाम्या घरांना कुलपं घालायचं काम मला गावलं. कुलूप घालायचं, दारावर चुन्याचा गोल काडायचा, म्होरं जायचं. ह्या घरातली माणसं गठुडी घिऊन भाईर पडली. म्हनली, आत कोण न्हाय. मी कुलूप घातलं."

 मी विचारलं, "मग?"

"आत बाई हुती. तापानं फणफणल्याली. प्लेगाच्या छावणीत नेत्याल म्हणून लपवली हुती त्यांनी. अंधार पडल्यावर यिऊन न्हिऊ, असं त्यांच्या मनात असंल. पर सरकारी पहाऱ्यानं त्यास्नी माळावरनं हलूच दिलं न्हाय, आन त्यातलं एक बी वाचलं न्हाय. महिन्यानं मीच कुलूप काढलं. दाराच्या मागंच हुती ती." अण्णांनी फळीवरून हात फिरवला. "दार वाजवलं असंल की तिनं. ऐकायला पेठेत हुतं कोण? मी नुसती एक हाक मारली असती, तर..."

मला माझी लाज वाटली. जायला निघालो तर अण्णांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मालकानं ती खोली केव्हाच त्यांच्यावर सोडून दिली होती. म्हणाले, "भिंतीला लोणा न्हाय. वारं चांगलं हाय. लेकराला मानवंल. पर तुमच्या बाईला समदं सांगा. लपवाछपवीनंच झालंय हे." मी हो म्हणालो.

आणि सांगितलं नाही. यमुना पोळ्याच्या आदल्या दिवशी आली, खोली पाहून हरखली, चुलीवर दूध उतू घातलं. पोरगी पहिल्या दिवशी मला बघून रडली आणि दुसऱ्या दिवशी माझी टोपी ओढू लागली. एवढं सुख हातात आल्यावर तोंड उघडायला छाती लागते, ती माझ्याकडं नव्हती.

पण घर गप्प बसत नव्हतं. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता यमुना मान वर करून विचारायची, "दार वाजलं का हो?" मी म्हणायचो, वारा आहे. बाहेर लिंबाचं पान हलत नसायचं. पोरगी रांगत रांगत दाराच्या मागं जाऊन बसायची आणि तिथं कुणीतरी बसलेलं असावं तशी बडबडत, खिदळत राहायची. मी तिला उचलून आणायचो, ती परत तिथंच जायची. आणि समोर, लिंबाखाली, रोज दिवेलागणीला बिरूअण्णा उभे असायचे. किल्ली दिल्यापासून त्यांनी उंबऱ्याला पाय लावला नव्हता. यमुनानं विचारलं, "हे म्हातारबाबा रोज काय बघत्यात?" मी म्हणालो, जुने दलाल आहेत, सवय असते.

पितृपक्ष सरत आला तेव्हा नरसम्माच्या तोंडून तिला सगळं कळलं. मी कामावरून आलो तर ट्रंक मध्यभागी ओढलेली, झाकण उघडं, यमुना त्यात वाकलेली.  चालली ही माहेरी.

"तुमी मला सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नसते आले," ती म्हणाली. "पर आता आलीया." ट्रंकेतून तिनं माहेरचा कोरा खण काढला, तो बाजूला ठेवला, पोरीला कडेवर घेतलं आणि सरळ लिंबाखाली गेली. मी मागोमाग.

"अण्णा, तिचं नाव काय हुतं?"

अण्णांनी खाली पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "ठावं न्हाय, लेकी. सांगणारं कोण उरलंच न्हाय."

"मंजी तिला एकदा बी कुणी जेवू घातलं न्हाई?"

"नावाबिगर म्हाळ कसा घालायचा? आन मी तिचा कोण?"

"परवा सर्वपित्री हाय," यमुना म्हणाली. "ज्यांचं नाव न्हाई, तिथ न्हाई, त्या समद्यांचीच ती अमुशा. तुमी यायचं जेवायला."

अवसेला मी अर्ध्या दिवसाची रजा काढली. यमुनानं खीर, वडे, गवारीची भाजी, कढी केली. एक पान कौलावर कावळ्यांना ठेवलं, एक खोलीत मांडलं आणि त्यापुढं तो खण ठेवला. त्या पानावर बसवायचं कोणाला, हा प्रश्न होता. बाईच्या नावानं बाई जेवावी, म्हणून नरसम्माला विचारलं, तर ती दोन्ही कानांना हात लावून घरात पळाली. अण्णा उंबऱ्याबाहेर उभे होते.

"बसा," यमुना त्यांना म्हणाली.

"मी?" अण्णा मागं सरले. "कुलूप मीच घातलंय, लेकी."

"व्हय. आन त्या दिसापासनं तिच्या दारात सडा कुणी घातला? पाणी कुणी भरलं? तिचं माणूस म्हणून दुसरं कोण हाय, तुमीच सांगा की."

 इतकी वर्षं अण्णा रोज त्या खोलीत जात होते, पण तिथं ते कधी टेकले नव्हते, घोटभर पाणी प्याले नव्हते. त्यांनी घोंगडं खांद्यावरून उतरवलं, घडी करून बाजूला ठेवलं आणि पानावर बसले. पहिला घास बराच वेळ हातातच होता. मिशांवरून पाणी ओघळत होतं. मलाही रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच चूल फुंकायला गेलो.

मग मात्र ते जेवले. वडे किती झाले हे मी सांगणार नाही. खीर त्यांनी चार वेळा मागून घेतली, आणि चौथ्या वाटीला म्हणाले, "तिला ग्वाड आवडत हुतं का न्हाय, ठावं न्हाय. मला लई आवडतंय." यमुना तोंडाला पदर लावून हसली.

हात धुऊन ते भिंतीला टेकले. "वाईच बसतो," म्हणाले, आणि बसल्या जागी झोपले. काय ते घोरणं. निजलेली पोरगी जागी झाली, रांगत त्यांच्याजवळ गेली आणि घोंगड्याच्या दशा ओढत बसली. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, गल्लीतून माणसांचा लोंढा बोलत बोलत गेला, तरी अण्णांना जाग नाही. उन्हं ओसरली तसा मी यमुनाला हळूच विचारलं, "उठवू का?"

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लई दिसांनी घरी आल्यात."