बाळारामकाकांची उचकी

आमच्या गल्लीत कुणाला उचकी लागली तर पाणी देत नाहीत, बाळारामकाकांना बोलावतात. नाही बोलावलं तरी ते येतात. चार घरं पलीकडची उचकी त्यांना ऐकू येते. स्वयंपाकघरातून काकूंनी मारलेली हाक तेवढी येत नाही.

धामणकर नाक्याजवळ काकांच्या कापड विणायच्या लूम होत्या. त्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा रिक्षा स्टँडपर्यंत पोचते. लूम विकल्या, आवाज राहिला. त्याच आवाजात ते उचकीवाल्याच्या कानाशी मन शांत ठेवायला सांगतात.

उपचार साधा. आधी ते समोरच्याचं नाक चिमटीत धरतात. "तोंडानं श्वास घे. कोंड. डोले मीट न् सगलं ध्यान बेंबीवर. आता डोक्यातली लूम बंद कर." नाक सुटेपर्यंत माणूस लालबुंद झालेला असतो आणि उचकी खरोखर गेलेली असते. ती श्वासाने जाते की भीतीने, यावरून गल्लीत दोन तट आहेत. मी शाळामास्तर असल्यामुळे दोन्हीकडे मान डोलावतो.

काकांना एकाच गोष्टीची चीड. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, असं म्हणायचं नाही. आपण एकेक नाव घेत जातो आणि ज्या नावाला उचकी थांबते त्याने आठवण काढली असं धरतो, हे त्यांच्या मते शुद्ध येडेपण. "तसं असतं तं आपल्या रस्त्याचा ठेकेदार उचक्या देऊन कवाच मेला असता," ते म्हणतात.

मानकोलीच्या एका लग्नात अंतरपाट धरलेला असतानाच नवऱ्यामुलाला उचकी लागली. मित्र कसले गप्प बसतायत? त्यांनी कॉलेजातल्या पोरींची नावं घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला उचकी पटकन थांबली आणि अंतरपाटाच्या वरून नवरीचे डोळे दिसले. नवऱ्याला घाम फुटला आणि उचकी दुप्पट जोराने परतली. काका स्टेजवर चढले, भटजींना गप्प केलं आणि अक्षता पडायच्या आधी नवऱ्याचं नाक धरलं. मुहूर्त टळला, पण उचकी गेली. मग माईक हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं, की पोटातला पडदा नाचत होता, पोरीबिरीचा काही संबंध नाही. नवरीने हार घातला. मांडवभर टाळ्या पडल्या.

एकच माणूस टाळ्या न वाजवता जेवायला उठला, तो काकांचा धाकटा भाऊ दशरथ. दशरथ राहतो त्या काल्हेरला वडिलांच्या जमिनीवर गोदाम झालं, वाटणीवरून वाजलं आणि दोघांचा अबोला पडला, तो कायमचा. काकांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. परतताना मात्र रिक्षात त्यांनी मला सहज विचारावं तसं विचारलं, "दशानं बगितला का रं?"

परवाच्या रविवारी मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत होतो आणि खुद्द काकांना उचकी लागली. मला वाटलं, आता एका दमात थांबवतील. त्यांनी थांबवली नाही. चहा संपला तरी उचकी चालूच. मग रस्त्याकडे बघत ते चक्क नावं घ्यायला लागले. आधी बायकोचं.

"मी कशाला आठवन काढू? हितंच हाय ना," काकू आतून म्हणाल्या.

मग मामांचं, मग एका जुन्या कारागिराचं. उचकी हटेना.

काका ताठ बसले. त्यांची छाती भरली, डोळे मिटले, गळ्याच्या शिरा टरारल्या. त्या चिमटीत माझंही नाक सापडलेलं आहे, म्हणून मला लगेच कळलं. श्वास कोंडला होता, ध्यान बेंबीवर होतं. बराच वेळ तसेच राहून त्यांनी हळूच श्वास सोडला आणि म्हणाले, "दशा."

उचकी थांबली.

"बगितलंस, मास्तर? दशा आठवन काढतोय."

मी म्हटलं, "थांबली खरी, काका."

"मंग जायला पायजे. तो आठवन काढनार न् आपुन हितं बसून ऱ्हानार, बरं दिसत न्हाय."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि नाक्यावर येऊन रिक्षावाल्याला सांगितलं, "काल्हेर." रिक्षावाल्याला ऐकूच आलं नाही. त्यांना परत सांगावं लागलं.