साइट बंद पडली की

भानुदासमामांकडे वेबसाइट करून घ्यायला गेलं, की आधी चपला काढाव्या लागतात. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. मामा फरशीवर खडूने चौकोन आखतात. हे पहिलं पान, हे फोटो, हा फोन नंबर. मग गिऱ्हाइकाला त्या चौकोनांतून चालायला लावतात.

जाफराबादजवळ माझी मिरचीच्या रोपांची नर्सरी आहे. तिच्या साइटसाठी मीही असाच चाललो. पहिल्या पानावर मी हट्टाने कैलासवासी वडिलांचा मोठा फोटो घ्यायला लावला होता. रोपांच्या दरांच्या चौकोनाकडे निघालो, तर तो फोटोचा चौकोन आडवा आला. वडिलांवर पाय कसा देणार? मी लांबून वळसा घातला.

"बघ," मामा खूश होऊन म्हणाले, "जिथं पाय अडखळतो, तिथं बोट बी अडखळतंय. वडलांना जरा कडंला बसवू."

वडील कडेला बसले आणि रोपं खपायला लागली.

"साधं ठेवा, बराबर चालतंय," हा मामांचा मंत्र. गिऱ्हाइकांच्या साइट ते भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतात, तिथे वीज जात नाही. स्वतःच्या दुकानाची साइट मात्र घरातल्याच जुनाट कॉम्प्युटरवर. आमच्याकडची वीज कधी जाईल ते वायरमनलाही ठाऊक नसतं. ती गेली की मामांची साइट गेलीच.

"इन्व्हर्टर तरी घ्या, मामा."

"कशाला उगं खर्चा?"

दिव्याखाली अंधार, असं म्हणून मी त्यांना चिडवायचो.

खरं कारण कळलं ते त्यांच्याकडे बसून बसून. साइट बंद पडली की भाड्याच्या सर्व्हरवरून मोबाइलवर आपोआप निरोप जावा, अशी सोय मामांनी केली होती. निरोप जायचा तो पुण्यात नोकरी करणाऱ्या मनीषाच्या, त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या मोबाइलवर. वीज गेली की मामा फोन तळहातावर घेऊन बसत. थोड्या वेळाने तो वाजे.

"हां मनू, लाइट गेल्ती... न्हाई गं, खोकला न्हाई आता... भाकरी? थापून राह्यलो की, जमतंय."

मामी गेल्यापासून त्या घरात एवढंच काय ते बोलणं. ऐकताना फार वाईट वाटायचं. एकदा तर वीज असतानाच मामांना कॉम्प्युटरची पिन उपसताना मी पाहिलं. त्यांनीही मला पाहिलं. मी चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर पडलो.

दिवाळीला मनीषा आली. गुणाची पोर. "पप्पा, किती त्रास काढताय तुम्ही," म्हणाली आणि एका दुपारी बापाची साइट चांगल्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवून मोकळी झाली. जुना कॉम्प्युटर पोत्यात बांधून माळ्यावर गेला. मामा सगळ्या गल्लीत लेकीचं कौतुक करत फिरले.

परवा पुन्हा वीज गेली. मी मामांकडेच होतो. ते सवयीने फोन तळहातावर घेऊन बसले. बराच वेळ गेला.

"बघ बरं, साइट चालू हाय का?"

मी माझ्या मोबाइलवर लावून पाहिली. झटकन उघडली.

"चालू आहे, मामा."

"बराबर. पोरीनं काम पक्कं केलंय."

मला राहवेना. म्हटलं, "मामा, तुम्हीच लावा की फोन तिला."

"लावला असता रे," मामा म्हणाले. "पण काय सांगून लावू? काहीच बंद पडलेलं न्हाई."