मंजुळाताईंचा ळ

रायपूरच्या आमच्या चौबे कॉलोनीतल्या मंजुळाताई पिंपळे यांना रस्त्यात कुणी ‘मंजुला दीदी’ अशी हाक मारली, तर त्या थांबत नाहीत. तीनदा मारली तरी नाहीत. चौथ्यांदा वळतात आणि खडसावतात, “कोन मंजुला? मी मंजुळा! जीभ मागं घ्या, टाळूले लावा, अन् मग बोला.” बिचाऱ्या भाजीवाल्याला फक्त त्यांची विसरलेली कोथिंबीर द्यायची होती.

ताई ग्राफिक डिझायनर आहेत. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण कॉलोनी त्यांना अजूनही ‘कम्प्यूटरवाली दीदी’च म्हणते. नवरा गेला तेव्हा मुलगा सौरभ तिसरीत होता. ताई समता कॉलोनीतल्या एका छापखान्यात टायपिंगला लागल्या. पहिल्याच आठवड्यात एका मराठी घरची बारशाची पत्रिका आली आणि पंचाईत झाली. तिथल्या हिंदी फॉन्टमध्ये ळ नव्हताच!

मालक म्हणाला, “ल डाल दो, कौन देखता है?”

“बालाचं बारसं?” ताई कडाडल्या. “केसाचं बारसं करून राहिले काय हे लोक?”

त्यांनी इंग्रजी आठचा आकडा आडवा पाडला, त्यावर एक दांडी ठोकली आणि ळ उभा केला. मालकाने छापलेली पत्रिका डोळ्यांजवळ धरून विचारलं, “ये जलेबी किसने बनाई?”

त्या जिलबीपासून ताईंचं करिअर सुरू झालं. जेवणाच्या सुट्टीत चुकतमाकत त्या डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकल्या. पुढे घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचा स्टुडिओ थाटला. दवाखान्यांचे बोर्ड, तेलीबांध्याच्या कोचिंग क्लासच्या जाहिराती आणि रायपुरातल्या निम्म्या मराठी घरांच्या लग्नपत्रिका तिथून निघाल्या. नियम एकच. “बोलायले ‘डोया’ म्हना, माही आजीबी म्हने. पन छापायले ‘डोळा’च पाहिजे.”

गिऱ्हाइकं मात्र एकाहून एक नग. कुणी म्हणतं लोगो मोठा करा, कुणाला रंग ‘थोडा और खिलता हुआ’ हवा. डॉक्टरला कुणी ‘टाका जरा मोठा घाला’ असं सांगतं का? एक मिठाईवाला म्हणाला, “दीदी, पांच मिनट का काम है.” ताईंनी त्याला खुर्चीत बसवलं, माउस हातात दिला आणि समोर घड्याळ ठेवलं. पाच मिनिटांत त्याच्याने कोरं पानसुद्धा उघडेना. हात जोडून गेला.

एवढ्या पत्रिका केल्या, पण ताईंचा जीव अडकला होता तो एकाच पत्रिकेत. सौरभच्या. मुलगी ठरायच्या आधीच त्यांची तीन डिझाइनं तयार होती. सौरभ हैदराबादला नोकरीला आहे. मराठी समजतं, पण शाळेत गेल्यापासून आईला उत्तर हिंदीतच देतो. त्याचं लग्न ठरलं आणि परवा पत्रिका आली ती थेट सगळ्यांच्या मोबाइलवर. चिरंजीवांनी फोनवरच्या कुठल्याशा ॲपमध्ये स्वतःच बनवली होती. आईला विचारलंही नव्हतं. आणि खाली नाव काय? ‘श्रीमती मंजुला पिंपले’!

माझं डोकंच फिरलं. जिने जगाच्या पोरांच्या पत्रिका सजवल्या, तिच्या पोराने हे करावं? एका ओळीत दोन चुका, त्याही आईच्या नावात! मी तावातावाने ताईंकडे गेलो.

“ताई, चांगला झापला ना त्याला?”

“नाही.”

“नाही? का?”

ताई मोबाइल मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पत्रिका उघडीच होती.

“भाऊ, तीन डिझाइनं पडून राहिली, त्याचं वाईट वाटलंच. खोटं काहून बोलू? पन मंग त्याचा फोन आला. म्हने, ‘आई, कार्ड कसा वाटला?’ मराठीत विचारलं हो त्यानं! अडखळत, पाठ केल्यासारखं. शाळंत गेल्यापासून पहिल्यांदा.”

“‘कसा’ नाही, ‘कसं’,” मी बोलून गेलो. ताईंच्या शेजारी राहून मलाही तीच खोड लागली आहे.

“तुमी गप बसा,” ताई म्हणाल्या. “पोट्टं बोलून राहिलं ना.”

मी ओशाळलो. हळूच विचारलं, “मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, खूप चांगला वाटला.”