जावयाचा ब्रश

मावशींना मिळण्यासारखं बरंच होतं. नऊ वर्षं रोजंदारीवर कार्यालयाची स्वच्छतागृहं घासल्यावर आता तपासणी पथक येणार होतं. नळ स्वच्छ आढळले, तर मावशी कायम होणार होत्या. त्यासाठी लागणार होता एक ब्रश, तोही जावयाने दात घासून टाकलेला.

तो त्यांनी घरून आणला आणि नळाच्या बुडाचा हिरवा थर दोन दिवसांत काढला. तिसऱ्या दिवशी भांडारपाल हात धुवायला आले आणि नळात स्वतःचा चेहरा दिसल्यामुळे दचकले.

“मावशी, हा ब्रश कुठला?”

“जावयाचा, साहेब.”

“दप्तरी नोंद?”

“जावयाची सगळी नोंद लेकीकडे असते.”

“थट्टा नको. घाण कार्यालयाची, ब्रश खाजगी. उद्या जावयाने घाणीवर हक्क सांगितला, तर निस्तरायचं कोणी?”

ब्रश पाकिटात घालून मोहोरबंद झाला. प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेलं. साहेब नुकतेच पुनर्वापरावरचं व्याख्यान ऐकून आले होते. त्यांनी तिथल्या तिथे ‘जीर्ण दंतब्रश पुनर्वापर योजना’ जाहीर केली.

अडचण एकच होती. जुन्या ब्रशांची हमी कोणी पुरवठादार देईना. म्हणून दोनशे नवे ब्रश घेतले आणि ते जुने करण्यासाठी कर्मचाऱ्यांना वाटले. अकरा ते बारा, जागेवर बसून, दात घासणे सक्तीचे. खिडकीशी आलेल्या माणसाला फेसाखेरीज उत्तर मिळेना. तसं ते आधीही मिळत नव्हतंच. आता निदान कारण तोंडात दिसत होतं. बारा वाजले की दोनशे माणसं एकदम चुळा भरायला धावत. नळाला पुन्हा धरलेल्या हिरव्या थरावर आता पांढरा चढू लागला.

“साहेब, केस वाकलेत ब्रशांचे. आता द्या की एक,” मावशी भांडारपालांना म्हणाल्या.

“योजनेच्या समितीने जुने ठरवल्याशिवाय कसा देऊ?”

समितीने चार दिवसांनी ठरवले. मावशी पुन्हा गेल्या.

“आता तर मुळीच नाही,” भांडारपाल म्हणाले. “जुनी ठरली की वस्तू निर्लेखित होते. म्हणजे दप्तरी मेली. मेलेल्या वस्तूकडून काम करून घेतलं, तर माझी नोकरी जाईल.”

“मग मी नळ कशाने घासू?”

“तो माझ्या शाखेचा विषय नाही.”

मावशींनी नखांनी घासले. दोन नखं गेली, थर राहिला.

पथक आलं. काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले दोनशे ब्रश पाहून भारावलं आणि मग हात धुवायला गेलं. शेरा पडला: योजना अनुकरणीय, सफाई असमाधानकारक. पुरावा म्हणून खिडकीशी ठेवलेल्या तक्रारवहीतली एक ओळ जोडली: ‘नळ घाण. सफाईवाली बाई काम करत नाही.’

मोठ्या साहेबांना बढती मिळाली. भांडारपालांना काचेचं कपाट मिळालं. जावयाला ब्रश परत मिळाला, तीन ठिकाणी सही केल्यावर. मावशींना दुसऱ्या दिवसापासून न येण्याची तोंडी सूचना मिळाली. नऊ वर्षं आणि दोन नखं त्यांच्या खाती पडली.

तक्रारीखालची सही वाचता येत नाही. अक्षर मात्र, वाचकहो, तुमच्यासारखंच आहे. तुम्हाला खर्च काहीच पडला नाही. पेनसुद्धा कार्यालयाचं होतं, दोरीने बांधलेलं.